मंद बाजारात तग धरायचा कसा: नव्या प्रॉपर्टी एजंटसाठी पायऱ्या

धंद्यातलं माझं दुसरं वर्ष चालू होतं. चार महिने एकही व्यवहार झाला नव्हता आणि मग एक जमला. पार्टीने घर तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी टेप घेऊन आले, पलंग कुठे बसेल ते मोजलं. टोकन झालं, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम दिली गेली. मी त्याच रात्री घरी सांगून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी जाहिरातीचं वर्षभराचं पॅकेज क्रेडिट कार्डावर घेतलं. अठराव्या दिवशी कर्ज मंजूर झालं, पण मागितलं होतं त्यापेक्षा कमी. मधली रक्कम पार्टीकडे नव्हती, मालकाला थांबायचं नव्हतं. टोकन परत गेलं. माझ्याकडे कार्डाचं बिल राहिलं.

त्यानंतर मी येणारं कमिशन मोजायचं सोडलं आणि महिने मोजायला लागलो. हातात आहे त्या पैशांवर मी आणखी किती महिने या धंद्यात उभा राहू शकतो, हा एकच आकडा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या आकड्याभोवती फिरतात. कुठलाही निर्णय घेताना मी एवढंच बघतो, की याने माझा एखादा महिना वाढतोय की कमी होतोय.

आधी हे समजून घ्या: मंदीत नेमकं आटतं काय

नव्या एजंटला वाटतं, मंदी म्हणजे भाव पडणं. आपल्या पोटाला चिमटा बसतो तो त्याच्या बऱ्याच आधी, व्यवहारांची संख्या घटते तेव्हा. अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण तिथले आकडे दर महिन्याला जाहीर होतात. २०२१ मध्ये तिथे जुन्या घरांचे सुमारे ६१ लाख व्यवहार झाले. २०२३ मध्ये ते सुमारे ४१ लाखांवर आले, म्हणजे तीनातला एक व्यवहार गेला. आणि त्याच २०२३ मध्ये घरांची वर्षाची मध्यम किंमत तोवरच्या उच्चांकावर होती!

असं झालं कर्जाच्या दरामुळे. तिथला ३० वर्षांच्या गृहकर्जाचा दर २०२१च्या सुरुवातीला ३ टक्क्यांच्या खाली होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पावणेआठच्या आसपास गेला. घेणाऱ्याला हप्ता झेपेना. आणि ज्याच्याकडे जुनं स्वस्त कर्ज होतं, तो आपलं घर विकून नवं महाग कर्ज कशाला घेईल? दोघेही जागचे हलले नाहीत. भाव टिकले, पण दोघांच्या मधे उभा राहून कमावणाऱ्याचं काम गेलं.

म्हणून 'भाव तर पडलेले नाहीत, मग मंदी कुठे आहे?' असं कुणी म्हणालं तर गोंधळू नका. तुमच्या भागात गेल्या तीन महिन्यांत किती व्यवहारांची नोंदणी झाली आणि वर्षापूर्वी त्याच तीन महिन्यांत किती झाली होती, तेवढं शोधून काढा. तुमचं उत्पन्न त्या आकड्याच्या मागे चालतं.

दुसरा फटका उशिराचा. मंद बाजारात घेणारा जास्त घरं बघतो, जास्त घासाघीस करतो, कर्ज देणारे जास्त कागद मागतात. जो व्यवहार एरवी दीड महिन्यात हातात पडायचा, त्याला तीन-चार महिने लागतात. व्यवहार कमी होतात आणि झालेलेही लांबतात. नवा एजंट बहुतेक वेळा यातल्या पहिल्या गोष्टीची तयारी ठेवतो आणि दुसरीत अडकतो.

पायरी १: तुमच्याकडे किती महिने आहेत ते मोजा

एक वही घ्या. मोबाइलवर केलं तरी चालेल, पण मला वही बरी वाटते, कारण खोडलेला आकडा दिसत राहतो.

एका बाजूला आज खात्यात असलेले आणि दोन-तीन दिवसांत मोडता येतील असे पैसे लिहा. त्यात येणारं कमिशन धरायचं नाही. 'झालाच समजा' असा व्यवहार धरायचा नाही. कुणाला दिलेले हातउसने, गिऱ्हाइकाचं टोकन आणि करासाठी बाजूला काढलेली रक्कमही नाही. मागच्या कमिशनमधून कराचा वाटा काढून ठेवला नसेल, तर तो आधी या आकड्यातून वजा करा. ते पैसे तुमचे नाहीतच.

दुसऱ्या बाजूला महिन्याचा खर्च, दोन भागांत: घराचा आणि धंद्याचा. वर्षातून एकदाच येणारे खर्चही धरा. विमा, शाळेची फी, परवान्याचं नूतनीकरण, गाडीचं काम, या सगळ्याची बेरीज करून तिला बाराने भागा. नव्या माणसाचा हिशेब हमखास इथेच चुकतो.

समजा घरखर्च ४० हजार आणि धंद्याचा खर्च १५ हजार. खात्यात २ लाख २० हजार. भागाकार केला की ४ महिने. आता दोन्ही खर्च दाबून बघा. घर ३२ हजारांत आणि धंदा ८ हजारांत बसवता आला तर तेच पैसे साडेपाच महिने पुरतात. काहीही न कमावता दीड महिना हातात आला. ज्या धंद्यात एक व्यवहार पूर्ण व्हायला तीन महिने लागतात, तिथे दीड महिना म्हणजे अर्धा व्यवहार झाला.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर वरती लिहा आणि दर महिन्याच्या एक तारखेला नवा लिहा. त्याखाली आजच, डोकं शांत असताना, तीन ओळी लिहून ठेवा. चार महिने उरले की कोणते खर्च बंद करणार. तीन उरले की कोणती जोडकमाई सुरू करणार. दोन उरले की अर्धवेळ नोकरी बघणार, पुढच्या महिन्यात काय होतंय याची वाट न बघता. हे आधी लिहायचं ते अशासाठी, की पैसे संपत आले की माणूस स्वतःला काहीही पटवून देतो. मी 'पुढचा आठवडा' सलग अकरा आठवडे पटवून दिला होता.

हा आकडा घरातही सांगा, जोडीदाराला वही दाखवा. मी लपवत होतो तेव्हा घरात प्रत्येक खर्चावर खटके उडायचे, कारण मला काय दिसतंय ते त्यांना दिसतच नव्हतं. वही दाखवली त्या दिवसापासून खर्च कापायचं काम दोघांचं झालं.

पायरी २: कापायचं काय आणि कापायचं नाही काय

धंद्याच्या खर्चाला एकच प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांत यातून किती माणसं माझ्यासमोर येऊन बसली? किती फोन आले ते विचारू नका. जाहिरातीच्या पॅकेजवरून साठ चौकशा येतात आणि त्यातली दोन माणसं भेटतात, असं बऱ्याचदा होतं. दुसरीकडे जुन्या गिऱ्हाइकाने शब्द टाकला म्हणून आलेल्या तीनपैकी तिघे भेटतात आणि त्याला खर्च शून्य असतो. सहा महिन्यांच्या चौकशा वहीत लिहा, प्रत्येकीपुढे ती कुठून आली ते लिहा. काय बंद करायचं ते तासाभरात कळेल.

वेगळं ऑफिस असेल तर दुसऱ्या एजंटबरोबर वाटून घ्या किंवा सोडून द्या. मंदीत गिऱ्हाईक तुमचं ऑफिस बघायला येत नाही, घर बघायला येतं. गाडी बदलायचा विचार पुढे ढकला.

कापू नका अशा गोष्टी थोड्या आहेत, पण त्या सांभाळा. फोन. साइटवर पोहोचायचं साधन. भाव नीट लावलेल्या घरांचे चांगले फोटो. परवाना आणि त्याबरोबर येणारं जे काही कायदेशीर आहे ते सगळं. आणि आरोग्य विमा. तो बंद करून वाचलेले पैसे एका आजारपणात कित्येक पट होऊन जातात, आणि आपल्या धंद्यात आजारपणाची पगारी रजा नसते.

क्रेडिट कार्डाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मी तिथेच भाजलो. कार्डावर महिना ३ टक्के व्याज असेल तर ऐकायला ते थोडं वाटतं. न भरता वर्षभर चढत गेलं की १०० चे १४२ च्या वर होतात. पुढच्या कमिशनवर विसंबून कार्डावर उचललेला खर्च हा पुढच्या कमिशनमधला वाटेकरी असतो, आणि ते कमिशन लांबलं की त्याचा वाटा वाढतो. हप्ता चुकणार असं दिसत असेल, तर चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याकडे जा. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, असे मार्ग चुकण्याआधी विचारले तर मिळण्याची शक्यता जास्त असते. चुकल्यानंतर बोलणं दुसऱ्याच सुरात होतं.

पायरी ३: ज्याला खरंच विकायचंय आणि ज्याला खरंच घ्यायचंय तो ओळखा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. मंद बाजारात एजंटचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे 'बघू' म्हणणाऱ्या माणसांवर गेलेले दिवस, आणि हा खर्च वहीत कुठेच दिसत नाही.

बाजार थंड असला तरी काही लोकांना थांबता येत नाही. बदली झालेली असते. वारसांमध्ये वाटणी करायची असते. नवरा-बायको वेगळे होत असतात. घरात बाळ येणार असतं, किंवा आईवडिलांना जिने चढवत नाहीत. कुणाला हप्ते झेपत नाहीत. या लोकांचे व्यवहार मंदीतही होतात. तुमचे मंदीतले व्यवहार बहुतेक याच लोकांकडून येणार आहेत, म्हणून त्यांच्याशी बोलताना घाई आणि चलाखी दोन्ही बाजूला ठेवा. अडलेल्या माणसाची अडचण समजून घेणारा एजंट त्याला वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

मालकाला पहिल्याच भेटीत मी तीन प्रश्न विचारतो. का विकताय? कधीपर्यंत विकलं जायला हवं? आणि सहा महिन्यांत नाही विकलं गेलं तर काय कराल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काही नाही, ठेवू तसंच' असं आलं तर मी नम्रपणे नंबर घेतो, दर दोन महिन्यांनी फोन करतो आणि त्या घरावर एक पैसाही खर्च करत नाही.

घेणाऱ्याला विचारायचं ते कर्जाबद्दल, आणि घर दाखवायच्या आधी. कर्जाची पूर्वमंजुरी आहे का, कितीची, कुठल्या तारखेची? तारीख महत्त्वाची, कारण दर बदलला की मंजुरीचा आकडा बदलतो. याचं गणित तोंडपाठ ठेवा. २० वर्षांच्या मुदतीला ७ टक्के दराने १ लाखाच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता साधारण ७७५ येतो. दर ९ टक्के झाला की तो ९०० होतो. म्हणजे तेवढाच हप्ता झेपणाऱ्या माणसाला आधी १०० मिळत असतील तर आता ८६ मिळतात. सुरुवातीला सांगितलेला माझा तो व्यवहार असाच मोडला होता. पार्टीचं बजेट आठ महिन्यांपूर्वीच्या हप्त्यावर बेतलेलं होतं आणि मी विचारलंच नव्हतं. आता मी पार्टीसमोर बसून हे गणित कागदावर करतो. दहा घरं दाखवायच्या ऐवजी चार दाखवतो, आणि ती चारही त्यांना खरोखर घेता येतील अशी असतात.

पायरी ४: भाव फुगवून लिस्टिंग घेऊ नका

लिस्टिंग म्हणजे मालकाने घर विकायला तुमच्याकडे देणं. भाव फुगवून ती घ्यायचा मोह नव्या एजंटला मंदीत हटकून होतो. मालक म्हणतो, मला एवढे हवेत. तुम्हाला माहीत असतं की तेवढे येणार नाहीत, पण नाही म्हटलं तर तो दुसऱ्याकडे जाईल. म्हणून तुम्ही 'प्रयत्न करू' म्हणता. पुढचे पाच महिने त्या घराचे फोटो, जाहिरात, व्हिजिटा आणि किल्ल्या सांभाळणं तुमच्या खर्चाने चालतं. शेवटी मालक भाव उतरवतो तेव्हा बाजारात सगळ्यांनी ते घर पाहून झालेलं असतं, आणि बऱ्याचदा विक्री दुसऱ्याच एजंटकडून होते.

मालक हट्टी असतो असं म्हणून सोडून देऊ नका, त्यामागचं कारण समजून घ्या. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकातल्या बॉस्टनच्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी भावात विकावं लागणार होतं, त्या मालकांनी इतरांपेक्षा चढा भाव सांगितला होता. बाजारभाव आणि त्यांची खरेदी यांत जेवढा फरक, त्या फरकाच्या २५ ते ३५ टक्क्यांएवढी रक्कम त्यांनी भावात वाढवली होती. त्यांना थोडा जास्त भाव मिळालाही, पण त्यांची घरं विकली जाण्याचा वेग बराच कमी होता. खरेदीचा आकडा माणसाच्या मनात रुतून बसतो. तो तुमच्या बोलण्याने निघत नाही, कागद दाखवल्यावर हळूहळू सैल होतो.

मी एक पान घेऊन जातो. वरच्या अर्ध्यात त्याच भागातली, गेल्या काही महिन्यांत खरोखर विकली गेलेली तीन घरं, नोंदणी झालेल्या भावासकट. खालच्या अर्ध्यात तशीच तीन घरं, पण न विकली गेलेली, त्यांचा मागणीचा भाव आणि ती किती दिवस पडून आहेत ते. मग गप्प बसतो. एकदा एक काकू त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिल्या, चष्मा पुसला, आणि खालच्या अर्ध्यातल्या एका घरावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तर आमच्या समोरचंच. मला वाटलं होतं, गेलं असेल." भाव त्यांनी स्वतःच खाली आणला. मी सांगितला असता तर भांडण झालं असतं.

मालक तरीही चढ्या भावावर अडून राहिला तर दोन गोष्टी लेखी घ्या: लिस्टिंगची मुदत, आणि भावाचा फेरविचार करायची तारीख, उदाहरणार्थ पंचेचाळीसावा दिवस. दोन्हींना नकार असेल तर ते घर सोडा. मन खट्टू होतं, मला माहीत आहे. पण त्या घरामागे जाणारे दिवस तुमच्या पहिल्या पानावरच्या आकड्यातून कापले जातात.

पायरी ५: कमिशन ठरवणं आणि वसूल करणं

कमिशन किती, कोणाकडून आणि कोणत्या दिवशी, हे तिन्ही पहिल्या व्हिजिटच्या आधी लेखी. तोंडी ठरलेलं कमिशन शेवटच्या दिवशी निम्मं होतं. दुसरा एजंट बरोबर असेल तर वाटणी आधी मेसेजवर पक्की करा आणि त्याचं 'हो' येऊ द्या. बिल्डरकडून येणाऱ्या कमिशनमध्ये घेणाऱ्याने किती टक्के रक्कम भरल्यावर तुमचा हक्क लागू होतो आणि त्यानंतर किती दिवसांत पैसे मिळतात, तेही विचारून ठेवा. ते बऱ्याचदा खूप उशिरा येतात.

मंदीत एक प्रसंग वारंवार येतो. बैठक चाललेली असते, घेणारा आणि देणारा यांच्यात थोडक्या रकमेचा फरक उरलेला असतो, आणि मग दोघेही एकदम तुमच्याकडे बघतात. "तुम्हीच थोडं सोडा की!" इथे आधी केलेलं गणित कामाला येतं. २ टक्क्यांचे दीड टक्के केलेत, तर सारख्याच किमतीच्या ज्या तीन व्यवहारांवर तुमचं भागत होतं तिथे आता चार लागतील. चौथा व्यवहार मंदीत कुठून आणणार?

सरसकट नाही म्हणा, असंही मी म्हणत नाही. सोडायचंच असेल तर बदल्यात काहीतरी घ्या. "काका, एवढं मी सोडतो, पण मग माझे पैसे नोंदणीच्या दिवशी तिथेच मिळायला हवेत, पुढची तारीख नको." दोन महिन्यांनी मिळणाऱ्या पूर्ण कमिशनपेक्षा आज मिळणारं थोडं कमी कमिशन मला कित्येकदा परवडलं आहे. बदल्यात काहीच न घेता सोडलं, तर पुढच्या बैठकीलाही तुमच्याकडे तसंच बघतात.

आणि टोकन. एकदा एका पार्टीचं टोकन आठवडाभर माझ्याकडे होतं आणि त्याच आठवड्यात माझ्या घराचा हप्ता होता. कमिशन येणारच होतं, चार दिवसांचा प्रश्न होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी मालकाकडे गेलो, पैसे दिले, पावती घेतली, आणि हप्त्यासाठी भावाकडे शब्द टाकला. तेव्हापासून टोकन मी स्वतःच्या हातात घेत नाही, ते थेट मालकाच्या नावाने जातं. कायद्याने तुमच्यामार्फतच घ्यावं लागत असेल तर त्याचं खातं पूर्ण वेगळं ठेवा. गिऱ्हाइकाच्या पैशाला एकदा हात लागला आणि व्यवहार मोडला, तर एका दिवसात धंदा, परवाना आणि नाव तिन्ही जातं.

पायरी ६: लवकर येणारा छोटा पैसा

विक्रीचा पैसा मोठा आणि लांबचा असतो. त्याच्या मधे भाड्याचा पैसा येतो. लोक घर घ्यायचं पुढे ढकलतात तेव्हा त्यांना राहायला कुठेतरी लागतंच, म्हणून खरेदी मंदावते तेव्हा भाड्याला मागणी बहुतेक टिकून असते. भाड्याचा व्यवहार आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो, पैसे हातात येतात. काही एजंट भाड्याच्या कामाला कमी लेखतात. मला ते पटत नाही. आजचा भाडेकरू दोन-तीन वर्षांनी घेणारा होतो आणि त्याला रात्री अकराला गळक्या नळासाठी कुणी फोन उचलला होता, ते लक्षात असतं.

दुसरं काम बाहेर राहणाऱ्या मालकांच्या घरांची देखभाल. भाडं वेळेवर येतंय का बघणं, दुरुस्ती करून घेणं, भाडेकरू बदलताना घर तपासणं, आणि त्यासाठी दर महिन्याला ठरलेली फी. अशी पाच-सहा घरं हातात असली तर निदान धंद्याचा खर्च त्यातून निघू शकतो आणि पहिल्या पानावरचा आकडा घसरायचा थांबतो. दुकानं आणि ऑफिसांच्या भाडेकरारांच्या तारखा वहीत ठेवा. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी फोन केलात तर काम तुमच्याकडे येण्याची शक्यता मोठी.

तुमच्या भागात नसलेलं घर हवं असेल तर पार्टी तिथल्या भरवशाच्या एजंटकडे द्या आणि कमिशनमधला वाटा लेखी ठरवा. आधी हे कायद्यात बसतं का ते मात्र बघा. कर्ज, विमा, घराचं फर्निचर यांच्याकडे गिऱ्हाईक पाठवून पैसे घेत असाल तर ते गिऱ्हाइकाला सांगून घ्या. नंतर कळलं तर त्याला वाटतं, आपल्याला विकलं.

पायरी ७: नोकरी धरायची वेळ आली तर

वहीतली तिसरी ओळ आली की नोकरी बघा. यात कमीपणा नाही. मी सात महिने सकाळी एका कारखान्याचे हिशेब लिहीत होतो. काम निवडताना एकच पाहिलं: लोक घरं बघायला संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी येतात, तेव्हा मी मोकळा असलो पाहिजे. सकाळी सात ते दुपारी दोनची वेळ मिळाली. गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की दोननंतर फोन करा. कुणी सोडून गेलं नाही. उलट डोक्यावरचा ताण कमी झाल्यावर मी बैठकीत नीट बोलायला लागलो. पैशाची निकड चेहऱ्यावर दिसते, आवाजात येते, आणि समोरचा ती ओळखून भाव पाडतो.

मंदीत राहिलेल्या वेळात जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा, रोज तीन-चार. काही विकायला जाऊ नका, घर कसं आहे, गळती थांबली का, एवढंच विचारा. नोंदणीची कागदपत्रं वाचायला शिका, कर्जाच्या फाइली कुठे अडतात ते बँकेत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून समजून घ्या. गर्दीच्या काळात हे शिकायला सवड मिळत नाही.

पायरी ८: कमिशन आलं त्या दिवशी

बऱ्याच दिवसांनी पैसे आले की हात सुटतो, म्हणून त्या दिवसाचा क्रम आधीच ठरलेला असू द्या. रक्कम खात्यात दिसली की प्रथम कराचा वाटा वेगळ्या खात्यात. मग सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज. मग पहिल्या पानावरचा आकडा निदान सहा महिन्यांवर जाईपर्यंत उरलेलं सगळं राखीव खात्यात, आणि तिथून दर महिन्याला घराला ठरलेली रक्कम, पगार असल्यासारखी. घरच्यांसाठी त्या दिवशी काहीतरी छोटंसं आणा, त्यांनीही वाट पाहिलेली असते. जाहिरातीची नवी पॅकेजं वगैरे पंधरा दिवस थांबू शकतात.

हे सगळं झाल्यावर वही उघडा, वरचा आकडा खोडा आणि नवा लिहा. कार्ड फेडून झाल्यावर त्या वर्षी माझा दोनाचा साडेचार झाला. बायकोने तो वाचला, वही मिटली आणि विचारलं, उद्या काय आहे? उद्या दुपारी तीनला एका भाडेकरूला दोन घरं दाखवायची होती.